बंद पडलात तर कधी सांगाल?

माझी थोरली जाऊ प्रेमलता आमच्या वटारच्या वाडीतली राजेळी केळी उन्हात वाळवून सुकेळी करते आणि ई-मेलवर ऑर्डर घेऊन विकते. गेल्या हंगामात तिची फुकटातली वेबसाइट एका सकाळी गायब झाली. कंपनीच बंद पडली. ई-मेलचा पत्ताही त्याच कंपनीच्या नावाचा, तोही गेला. गिऱ्हाइकांना वाटलं, यांनी सुकेळी करणंच सोडलं. अर्धा माल घरात राहिला. यंदा ऑर्डरी दिसल्या नाहीत तर केळी हिरवीच बाजारात जाणार, असं तिच्या नवऱ्याने, म्हणजे भाऊजींनी, सांगून टाकलं होतं.

"ताई, पैसे भरून चांगली घे ना," मी म्हटलं.

"सुमेधा, बंद पडायचं ते पैसे घेऊनही पडतं. आधी माणसं बघू."

नायगावला राहणारी तिची सून ज्ञानदा, तिने फुकट वेबसाइट देणाऱ्या तीन कंपन्यांची नावं काढून दिली. ताईने तिघांना एकच प्रश्न पाठवला: तुम्ही बंद पडलात तर मला कधी सांगाल?

ज्ञानदा फोनवर खो-खो हसली. "आई, लग्न ठरवताना कोणी घटस्फोटाचं विचारतं का?"

"तिथे विचारता येत नाही, म्हणून इथे विचारते."

पहिल्या कंपनीचं उत्तर लगेच आलं: आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. अजून महत्त्वाचाच असावा, कारण पुढे काही आलं नाही. दुसरीने पैसेवाली योजना पाठवली. तिसरीकडून दोन दिवसांनी एका माणसाने स्वतःचं नाव घालून लिहिलं. आम्ही चौघंच आहोत, कायम राहू असं वचन देता येत नाही, पण तीन महिने आधी कळवू. सगळं एकदम उतरवून घ्यायची सोय आहे. मात्र पत्ता आमच्या नावाचा घेऊ नका. वर्षाला थोडे पैसे भरून इंटरनेटवर स्वतःचं नाव, म्हणजे डोमेन, नोंदवा, म्हणजे आम्ही गेलो तरी तुमचा पत्ता तुमच्याकडे राहील.

"हा खरं बोलतो," ताई म्हणाली.

मी असते तर इथेच थांबले असते. ताईने नाव नोंदवलं, वेबसाइट लावली, ई-मेल सुरू केला, आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "आता काढून बघते."

"अगं, कालच तर लावलीस!"

"ऐन हंगामात काढायची वेळ आली तर? आत्ता हात रिकामा आहे."

सगळं उतरवून तिने ते भलत्याच एका कंपनीच्या फुकट जागेत नेलं. मध्ये बराच वेळ पडदा पांढराफटक. माझा चहा गार झाला. ताई शांतपणे शेवग्याच्या शेंगा सोलत बसली होती.

भाऊजी डोकावले. "गेली ना पुन्हा?"

"गेली नाही. मी नेली."

संध्याकाळी कालच्याच पत्त्यावर वेबसाइट उघडली, फोटो आणि दरांसकट. माझ्या फोनवरून पाठवलेला मेलही पोचला. मग तिने सगळं पुन्हा त्या चौघांकडे आणलं, आणि ज्यांचे फोन नंबर होते त्या गिऱ्हाइकांना नवा पत्ता कळवला.

आठवड्याने नाशिकच्या एका बाईंचा मेल आला: "तुम्ही बंद केलंत समजून गेल्या वर्षी मुलीच्या सासरी खजूर पाठवला. अजून ऐकून घेतेय. यंदा दुप्पट सुकेळी पाठवा."

खाली आणखी ऑर्डरी होत्या. भाऊजींनी चष्मा लावून सगळ्या वाचल्या. मग बाहेर जाऊन बाजारासाठी टेम्पोत चढवलेले राजेळीचे घड एकेक करून खाली उतरवायला लागले.