ढगाच्या पोटातली घुसळण

मित्रांनो, नांदूरघाटजवळच्या माळावर आभाळाकडे तोंड करून बसलेला मी एक जुना रडार आहे. पुण्यात माझे भाग जुळले आणि ट्रकमधून हादरे खात मी इथे आलो. माझं काम साधं आहे. वर लहरी सोडायच्या आणि ढगातल्या थेंबांवरून परतलेल्या लहरी टिपायच्या. ढगाचा थर शांत असेल, तर त्या एकसारख्या येतात. आत हवेची घुसळण चालली असेल, तर विस्कटून येतात.

पहिली काही वर्षं माझं फार कौतुक झालं. पुढे लांबवर पाहणारी नवी यंत्रं आली आणि माझ्याकडे कुणी फिरकेना. छबुबाई मात्र रोज यायच्या. पूर्वी त्या ऊसतोडीला जात, आता आमच्या हवामान केंद्राची झाडलोट करतात. माझ्या झाकणावर पाणी साचलं की मला नीट दिसत नाही, हे संशोधक रोहिणीताईंनी त्यांना एकदाच सांगितलं होतं. तेव्हापासून मऊ फडक्याने त्या मला पुसू लागल्या. त्यांचा खरखरीत हात मला फार आवडतो.

गेल्या श्रावणात एक छोटं विमान ढगातले थेंब मोजायला निघालं. वर ढगांचा पातळ, निवांत थर दिसत होता. नव्या यंत्राचाही तसाच निर्वाळा होता. माझ्या लहरी मात्र पार विस्कटून आल्या.

"झाकणावर पाणी असणार. म्हाताऱ्याचं काही खरं नाही," रोहिणीताईंचा सहकारी प्रवीण म्हणाला.

दारात उभ्या छबुबाई उसळल्या. "पानी कशानं असंल? आत्ताच पुसलंय म्या. थेंब बी न्हाई त्याच्यावर!"

रोहिणीताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि लगेच वैमानिकाला कळवलं, "त्या थरात शिरू नका. मागे फिरा."

विमान सुखरूप उतरलं. मग ताईंनी उपकरण बांधलेला फुगा वर सोडला. थरात शिरताच तो असा गचके खाऊ लागला, की पडद्यावरची रेघ वेडीवाकडी झाली. थोड्या वेळाने प्रवीण बाहेर आला आणि माझ्या झाकणावर हळूच हात ठेवून उभा राहिला.

त्या घुसळणीवर रोहिणीताईंनी शोधनिबंध लिहिला. शेवटी आभार मानताना पहिलं नाव छबुबाईंचं घातलं. ताईंनी ते वाचून दाखवलं, तेव्हा छबुबाई पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "म्या काय केलं? फडकंच तर मारलं."

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा. आणि एखाद्या यंत्राने काय पाहिलं हे कधी वाचाल, तेव्हा त्याला पुसत कोण होतं, तेही जरूर विचारा.