बरणीच्या वळ्यातली तीन गावं

एक होता तोफूवाला, एक होती तोफूवाली, आणि त्यांच्या दुकानातल्या बाकाच्या लंगड्या पायाखाली होते मी.

मी गाड्यांची पोथी बोलतेय. छापखान्यात माझं नाव रेल्वेचं वेळापत्रक असं होतं, पण या घरात मला पोथीच म्हणतात. विटेएवढी जाड, हजारभर पानं, आणि पानोपानी मुंग्यांसारखे आकडे. माझ्या जातीला आयुष्य एका महिन्याचं. पुढच्या महिन्यात नवी पोथी येते आणि जुनी रद्दीत जाते. मी मात्र पंचेचाळीस वर्षं जगले. कशी, ते सांगते.

तोमेकिचीनं मला विकत आणलं तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता आणि नुकतंच लग्न झालं होतं. तोफूवाल्याचा दिवस कोंबड्याच्याही आधी सुरू होतो. सोयाबीन दळायचं, दूध उकळायचं, त्यात मिठातून पाझरलेलं कडू पाणी घालून ते जमवायचं आणि उजाडायच्या आत ठोकळे कापून पाण्यात सोडायचे. आठवड्यातून सुट्टी एकच, बुधवारी. त्या दिवशी तो झोपायचा. मग प्रवास कधी करणार? तो कागदावर करायचा. दुपारी गिऱ्हाईक संपलं की चहा घेऊन मला मांडीवर उघडायचा आणि पेन्सिलीनं गाड्या जोडत जायचा. ही पकडली, इथं उतरलो, सात मिनिटांत ती पकडली.

त्याची बायको मात्सुए मुळा चिरता चिरता म्हणायची, "काल तुम्ही मला उत्तरेच्या बेटावर जेवू घातलंत. आज कुठं नेताय? भांडी घासून होतील तोवर परत आलो म्हणजे झालं."

तो हसायचा. आपली गाडी कधी चुकली नाही, असं मात्र ठासून सांगायचा. कागदावर कोणाची गाडी चुकते?

त्याच काळात दर दोन महिन्यांनी एक बाई पाठीवर बरणी बांधून पहिल्या गाडीनं यायची. बरणीत ते कडू पाणी. ती आली की दुकानाला समुद्राचा वास सुटायचा. सगळे तिला मीठमावशी म्हणत. कुठून येता विचारलं तर म्हणायची, खालून, किनाऱ्यावरून. दूधवाल्याला कोणी त्याचं गाव विचारतं का? तसंच ते.

एका शरद ऋतूत गाड्यांच्या वेळा बदलल्या. मीठमावशीला वाचता यायचं नाही. ती म्हणाली, "धाकटे मालक, खाली किनाऱ्याकडे जाणारी माझी परतीची गाडी बघा हो." तोमेकिचीनं मला बाकावर उघडलं. तिनं बरणी उतरवली ती थेट माझ्या पानावर. ओल्या बुडाचं गोल वळं उमटलं. तोमेकिची ओरडला, तीही ओशाळली, पुसलं, हसले, विसरले. मी विसरले नाही. ते पान पुन्हा कधी नीट वाळलंच नाही. कडू पाण्याचा गुणच तसा, हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळी दिवसांत माझी बाकीची पानं चांगली राहायची आणि ते एक पान घामेजायचं.

पुढं बाकाचा पाय लंगडायला लागला आणि माझी जाडी बरोब्बर बसली. रद्दीतून वाचले ती अशी. जीव वाचला, मान गेला.

वर्षं गेली. मीठमावशीचे गुडघे गेले. पंधरा वर्षांपूर्वी शेवटचं आली तेव्हा दोन मोठ्या बरण्या ठेवून गेली. म्हणाली, जपून वापरा. त्यांनी जपलंच. गावातल्या मठात दर नोव्हेंबरात मोठा उत्सव असतो, तीनशे पानं उठतात, त्या जेवणातला तोफू तोमेकिचीच्या वडिलांपासून साठ वर्षं याच दुकानाचा. तेवढ्यापुरतं ते पाणी काढायचं. दुसरी बरणी संपली आणि मग उत्सवालाही बाजारातल्या, दूध जमवायच्या क्षाराच्या पुड्या आणल्या. तोफू जमायचा, पण गोडवा गेला.

उत्सव झाला आणि मठाच्या मोठ्या बाई स्वतः आल्या. फार गोड बोलतात, म्हणून त्यांचं बोलणं जास्त लागतं. म्हणाल्या, "तोमेकिचीसान, सत्तर वर्षांवरची माणसं येतात हो आमच्याकडे. तोफू चावावा लागला तर त्यांनी कुठं जायचं?" पुढच्या वर्षी आधी नमुना आणा, चोवीस तारखेला सकाळी, मग ठरवू. नाहीतर शहरातल्या कारखान्याचा मागवू.

मठानं हात काढला की गावही काढतं. दोघांना ते ठाऊक होतं. वर्षभर त्यांनी नाना तऱ्हेच्या पुड्या आणून पाहिल्या. नोव्हेंबर अर्धा सरला तेव्हा तोमेकिची म्हणाला, या साली दारावरचा पडदा उतरवू, दुकान बंद. चहा गार होत होता आणि तो कागदावरसुद्धा कुठं गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मात्सुए फरशी पुसत होती. बाकाच्या पायाशी ओल. पुसली, परत आली. तिनं मला ओढून काढलं, झटकलं, पानं चाळली. हजार पानं कोरडी आणि एक ओलं. तिनं बोट लावलं आणि जिभेवर टेकवलं. असं तोंड वाकडं करणारी बाई मी पाहिली नव्हती.

"अहो," ती म्हणाली, "मीठमावशी सापडली."

तोमेकिचीनं चष्मा लावला. वळ्याच्या आत एका किनाऱ्याच्या मार्गावरची तीन स्टेशनं होती. तातेउरा, ओशिहामा, मिनोत्सु. तिन्ही जुनी बंदरं, शिडाच्या जहाजांच्या वेळची. आपल्याच परतीच्या गाडीच्या पानावर तिनं बरणी ठेवली होती. यांतलंच एखादं तिचं गाव.

त्या दिवशी त्या माणसाला पुन्हा प्रवासाची भूक लागली. माझ्या वेळा केव्हाच मेल्या होत्या, म्हणून त्यानं या वर्षीची पोथी आणली. माझी पणतीच ती, पण काय बारकी. गाड्याच उरल्या नाहीत तर पानं कुठून येणार? दोघींना शेजारी ठेवून त्यानं पेन्सिलीला टोक केलं. जायचं येत्या बुधवारी, तेवीस तारखेला. पहाटे सोयाबीन भिजत घालून पाच अठ्ठेचाळीसची गाडी, आठला तातेउरा, दहा चौदाला पुढं निघून मिनोत्सु, संध्याकाळी घरी.

"आणि ओशिहामा?" मात्सुएनं विचारलं.

"तिथं उतरलं तर दोन तास अडकतो. एवढंसं गाव. तिथं काय असणार?"

"वळ्यात तीन गावं आहेत."

"दिवस एकच आहे," तो म्हणाला, आणि विषय संपला.

सोबत मलाही कापडात बांधून घेतलं. पंचेचाळीस वर्षं मी गाड्यांविषयी सांगत आले आणि गाडीत बसले त्या दिवशी पहिल्यांदा. डाव्या हाताला समुद्र आला तेव्हा मात्सुएनं कापडाची गाठ थोडी सैल केली. माझ्यासाठी नसेल केली, पण मी पाहून घेतलं.

तातेउरात धक्क्यावर दगडी दीपमाळ होती, काळ्या लाकडाच्या पेढ्या होत्या. मिठागरं? ती भरून तिथं मोटारी उभ्या करायची जागा केली होती. कडू पाणी म्हटल्यावर एका म्हाताऱ्यानं त्यांना औषधाच्या दुकानाचा रस्ता दाखवला.

दोघं स्टेशनवर परत आले. दहा चौदा झाले. दहा वीस झाले. रूळ रिकामे. तोमेकिचीनं घड्याळ झटकलं, पोथी उघडली, मिटली. शेवंतीची फुलं घेऊन बसलेली एक बाई म्हणाली, ती गाडी आज नाही, ती शाळेच्या दिवशीच धावते. आज लाल तारीख.

वेळेच्या शेजारी तशी बारीक खूण होती. पणतीनं सांगितलं होतं, त्यानं पाहिलं नव्हतं. तोफूवाल्याला सुट्टी म्हणजे बुधवार. त्यांच्या घरची दिनदर्शिका चुलीवर टांगलेली, वाफेनं सगळ्या तारखा एकाच रंगाच्या झालेल्या.

"कसली सुट्टी आज?" मात्सुएनं विचारलं.

"कष्टकऱ्यांचे आभार मानायचा दिवस ना," ती बाई म्हणाली.

मात्सुए इतकी हसली की तिला बाकावर टेकावं लागलं. "अहो, पन्नास वर्षं कोणीतरी आपले आभार मानतंय आणि आपण सोयाबीन दळतोय."

तो हसला नाही. माझी गाडी चुकली, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. पुढची गाडी अकरा दोनची आणि ती ओशिहामापर्यंतच जाणारी. तिथून पुढं दीडनंतर, म्हणजे मिनोत्सु करून रात्रीत घर गाठणं अशक्य. नमुन्याची सकाळ हातची गेली, असं तो खिडकीला सांगत होता. मात्सुए त्याला संत्रं सोलून देत होती.

ओशिहामाला उतरणारे हे दोघंच. आणि स्टेशनबाहेर येताच समोर धूर. एका जुन्या कौलारू शाळेएवढ्या घराच्या धुराड्यातून पांढरा धूर, आणि तो वास. मी कापडाच्या आत असूनही ओळखला. ते माझं घामेजणारं पान आहे ना, ते शहारलं.

आत भल्यामोठ्या कढईत समुद्र उकळत होता. हात्सुको नावाची साठीची बाई लांब फावड्यानं मीठ ओढत होती. गावातले चारपाच जण मिळून ही जुनी भट्टी चालवतात, तीही फक्त लाल तारखांना. एरवी कोणाला सवड असते? दुसऱ्या कुठल्या बुधवारी आले असते तर दाराला कुलूप दिसलं असतं.

तोमेकिचीनं मला उघडून तिच्यापुढं धरलं. तिनं ते गोल वळं पाहिलं, फावडं ठेवलं, आत गेली आणि कडेला टवका उडालेली एक बरणी घेऊन आली. ती माझ्या पानावर ठेवली. वळं तंतोतंत भरलं. घरधनी घरी परतावा तसं.

भट्टीच्या उबेला कोपऱ्यात एक म्हातारी गोधडीत बसली होती. ती मान न वळवता म्हणाली, "उशीर केलात, धाकटे मालक. बरणी दोन वर्षांपूर्वीच संपली असेल."

तिनं हिशेब धरला होता. उत्सव किती, माणसं किती, पाणी किती. शहाण्णवव्या वर्षी.

तोमेकिची बहात्तर वर्षांचा, दुकानाचा मालक, चप्पल काढून तिच्यापुढं बसला आणि लहान मुलासारखा रडला. ती म्हणाली, "रडताय काय, परतीची गाडी बघा. मला वाचता येत नाही." त्यानं डोळे पुसले आणि या वेळी खुणेसकट वाचलं. एक पस्तीस.

बरणी मांडीवर घेऊन दोघं परतले. पहाटे दूध उकळलं, मात्सुएनं कडू पाणी सोडलं आणि लाकडी पळी एकदाच फिरवली. दूध ढगासारखं दाटून आलं. तिनं तोमेकिचीकडे पाहिलं. त्यानं चव घेतली आणि आपल्या वडिलांचं नाव घेतलं.

सकाळी मठाच्या मोठ्या बाईंनी चमचाभर खाल्लं. मग अजून एक. मग वाटी संपवली आणि आतून सगळ्यांना बोलावलं. त्या वर्षी उत्सवाला साडेतीनशे पानं उठली आणि तोफू कोणाला चावावा लागला नाही.

आता दुकानाला दर लाल तारखेला सुट्टी असते. पडद्याशेजारी पाटी लावली आहे, कष्टकरी बाहेर गेले आहेत. दोघं खरोखरच्या गाडीत बसतात, ओशिहामाला मावशीला ठोकळा देतात, बरणी भरून आणतात. मार्चमध्ये मिनोत्सुही पाहून झालं. मात्सुए म्हणते, कागदावर जास्त छान होतं, पण पुढच्या गावाचं नाव तीच विचारते. शहरात नोकरी करणारा त्यांचा मुलगा बायकोला घेऊन परतलाय. दुकानात आता आठ हात झाले आहेत.

आणि मी? मी देवघराशेजारी, रेशमी कापडावर, त्याच ओल्या पानावर उघडी. बाकाच्या पायाखाली आता माझी पणती आहे. बारकी पडते बिचारी, म्हणून बाक थोडा डुलतो. पण त्यावर बसणाऱ्यांना आता डुलायला आवडतं.