अठरावं नाव

फेरीबोटीचा दगड माझ्या शेडमध्ये आला तो एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. ऑक्टोबरात ती बोट नदीत बुडाल्याला पंच्याहत्तर वर्षं होणार होती. त्याआधी दगड धुवून, भेगा बुजवून नव्या चौथऱ्यावर बसवायचा, असं नगरपालिकेनं ठरवलं होतं. काम माझ्याकडे येणारच होतं. प्रॉक्टर्स लँडिंगमध्ये दगडाचं काम करणारं आमचं एकच घर, आणि तो दगड घडवला होता माझ्याच आजोबांनी.

आमच्या गावात माणसं नऊशे आणि स्मारकाच्या पाट्या अकरा. पहिली गिरणी इथे होती, पहिली शाळा इथे जळाली, पासष्टच्या पुराचं पाणी या खुणेपर्यंत चढलं. परगावचे लोक गाडी हळू करून वाचतात आणि निघून जातात. गावातलं कुणी त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. फेरीबोटीच्या दगडाचं मात्र तसं नव्हतं. त्याच्यावरची आडनावं अजून गावातल्या टपालपेट्यांवर आहेत.

नावं सतरा, दोन रांगांत कोरलेली. डावीकडे नऊ, उजवीकडे आठ.

तिसऱ्या दिवशी सकाळी व्हेल्मा स्ट्राउड शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. एक्याऐंशी वर्षांच्या, हातात काठी, पण पाठ अजून ताठ. तिसरीत त्या मला शिकवायला होत्या. मला काय, निम्म्या गावाला होत्या. मी साठीला टेकलो तरी त्यांना बाईच म्हणतो.

"वेन्डेल, काय रे हा पसारा! तिसरीतलं तुझं दप्तर बरं होतं याच्यापेक्षा."

"बाई, पाय जपून टाका. खाली पाणी सांडलंय."

त्या सरळ दगडापाशी गेल्या. तो मी दोन ओंडक्यांवर आडवा ठेवला होता. बाईंनी हातमोजा काढला आणि पहिल्या नावावर बोट ठेवलं. एकेका नावावरून बोट फिरवत त्या खाली आल्या, मग दुसरी रांग. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की उभ्या आयुष्यात मी बाईंना या दगडाजवळ पाहिलं नव्हतं. नदीकाठच्या रस्त्यानं शाळेत जाताना त्या नेहमी पलीकडच्या कडेनं चालायच्या. आम्हा पोरांना वाटायचं, बाईंना ऊन सोसत नाही.

उजवीकडच्या आठव्या नावाखाली त्यांचं बोट थांबलं.

"इथे अजून एक बसेल ना रे?"

कुणाचं, असं मी विचारलं नाही. ते मला ठाऊक होतं.

ती गोष्ट अशी. पलीकडच्या काठावर तेव्हा शिंपल्यांपासून बटणं करायचा कारखाना होता. आमच्या गावातली तरणीताठी माणसं तिथे कामाला जायची. चौतीस सालच्या ऑक्टोबरातल्या एका शनिवारी संध्याकाळी कारखाना सुटला तेव्हा वारा चढत होता. 'लिडिया बेल' ही चाळीस माणसांची बोट. तिचा कप्तान ऑरिन किटरेज, त्यानं एकसष्ट माणसं घेतली. दोन खेपा केल्या असत्या तर अर्धा तास जास्त लागला असता, तोवर वारा आणखी वाढला असता, आणि लोकही घरी जायला उतावीळ झाले होते. बेटाच्या टोकाशी बोट कलंडली. सतरा जण गेले. किटरेज अठरावा. तीन दिवसांनी नऊ मैल खाली सापडला.

दगड घडवायच्या वेळी सगळ्या घरांनी एकमुखानं सांगितलं, त्याचं नाव आमच्या माणसांशेजारी नको. त्याची बायको सहा वर्षांच्या मुलीला घेऊन पलीकडच्या काठावर राहायला गेली. ती मुलगी मोठी झाली, स्ट्राउडांच्या घरात लग्न होऊन परत इथेच आली आणि बुडालेल्यांच्या पुतण्या-भाच्यांना, नातवंडांना एकतीस वर्षं पाढे शिकवत राहिली. म्हाताऱ्या माणसांना सगळं माहीत होतं. कुणी बोललं नाही. बाईही बोलल्या नाहीत.

"आईनं शपथ घातली होती," बाई म्हणाल्या. "त्या लोकांकडे कधी काही मागायचं नाही म्हणून."

"मग आज?"

"आज दगड खाली उतरलाय. तू एकदा परत वर चढवलास की माझ्या हयातीत काही तो उतरत नाही."

मी म्हटलं, "बाई, माझी ना नाही. पण दगड गावाचा आहे. नगरपालिकेला विचारावं लागेल."

"ते मला कळतं. जागा आहे का, एवढंच विचारायला आले होते."

मे महिन्याच्या बैठकीत बाईंचा अर्ज वाचला गेला. सभासद चार आणि नगराध्यक्ष. एरवी या बैठकीला पाचसहा टाळकी येतात, त्या दिवशी भिंतीला टेकून लोक उभे होते. दगडात नाव बसेल का, हे सांगायला मला बोलावलं होतं. मी बसेल म्हणून सांगितलं आणि खाली बसलो.

मग डॉरन्स पेकम उठले. सभासदांत ते सगळ्यात जुने. चौऱ्याहत्तर वर्षांचे, धान्याच्या कोठारावर जन्म घालवलेले, आवाज खणखणीत. दगडावर पेकम दोन आहेत: आयडा आणि लुएला. एकोणीस वर्षांची एक, सतराची दुसरी. त्यांच्या बहिणी. बोट बुडाली तेव्हा डॉरन्स आईच्या पोटात होते.

"माझ्या आईनं मी शाळेत जाईपर्यंत टेबलावर दोन ताटं जास्त मांडली," ते म्हणाले. "रोज. ती ताटं उचलायचं काम माझं. ज्यानं ती रिकामी केली त्याचं नाव माझ्या बहिणींच्या खाली? स्ट्राउडबाई, तुमच्याबद्दल मला आदर आहे. माझ्या दोन्ही पोरांना तुम्ही शिकवलंत. पण हे मागायला तुमची जीभ कशी रेटली?"

बाई काठीवर भार देऊन उठल्या.

"डॉरन्स, त्यांची चूक नव्हती असं मी म्हणत नाही. चाळीसच्या बोटीत एकसष्ट घेतले, ते त्यांनीच घेतले. मी एवढंच म्हणते, की त्या संध्याकाळी त्या पाण्यात अठरा माणसं मेली. दगड सतरा सांगतो."

एवढं बोलून त्या बसल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "सांगतो ते बरोबरच आहे!" त्यावर दुसरा कुणी त्याला गप्प बस म्हणाला, आणि मग सगळेच बोलायला लागले. नगराध्यक्षांनी हातोडी आपटून विषय जूनवर ढकलला.

त्या महिन्यात गावाचे दोन तट पडले. कॉफीच्या दुकानात लोक टेबलं बदलून बसायला लागले. बाईंच्या टपालपेटीत कुणीतरी ओला चिखल भरला. त्यांनी तो खुरप्यानं काढून गुलाबांना घातला आणि कुणाकडे त्याचा चकार शब्द काढला नाही. मला शेजारणीकडून कळलं.

जूनच्या सुरुवातीला एका दुपारी पेकम शेडमध्ये आले. दगड तोवर धुऊन स्वच्छ झाला होता. काजळी गेल्यावर आतला पिवळसर रंग वर आला होता.

"बघायला आलोय," ते म्हणाले. टोपी काढून आयडा आणि लुएलाच्या नावांपुढे उभे राहिले. मग म्हणाले, "वेन्डेल, खरं सांग. तुझ्या आजोबांनी ही जागा मुद्दाम सोडली होती?"

"सतरा आकडा विषम आहे, डॉरन्स. एका रांगेत एक कमी पडणारच. दुसरं काही कारण मला माहीत नाही."

"हं. मुद्दाम सोडली होती म्हणाला असतास, तर माझं भांडण सोपं झालं असतं. तुझ्या आजोबांशी तरी भांडलो असतो."

तेवढ्यात दारात काठी वाजली. दगड धुऊन झाला की बघायला येईन, असं बाईंनी मला आधीच सांगितलं होतं. पेकमना पाहून त्या उंबऱ्यातच थबकल्या.

"मी नंतर येते."

"या," पेकम म्हणाले. "शेड याची आहे, माझी नाही."

मी दोघांना बसायला खोकी दिली आणि पाणी आणायच्या निमित्तानं निघालो. "थांब रे," बाई म्हणाल्या, तसा थांबलो. पेकमनी विचारलं, "प्यायले होते का ते? लोक म्हणतात."

"मला माहीत नाही. आई नाही म्हणायची. पण बायको आणखी काय म्हणणार? एकसष्ट घेतले, मला तेवढं पुरे आहे. वर दारू कशाला हवी?"

पेकमनी टोपी गुडघ्यावर ठेवली.

"त्यांचं काय आठवतं तुम्हाला?"

बाई दगडाकडे बघत राहिल्या. "दुपारी जेवायला घरी आले होते. उकडलेले बटाटे होते. मी एक बूट नदीत घालवला होता म्हणून रागावले. मी रुसून पलंगाखाली जाऊन बसले. जाताना त्यांनी हाक मारली, मी ओ दिली नाही. बस, एवढंच. मी सहा वर्षांची होते."

"मला तेवढंही नाही," पेकम म्हणाले. "एक फोटो आहे. त्यात आयडाचं तोंड हललंय. मला त्या दोघी भांडलेल्याही आठवत नाहीत. नुसती ताटं आठवतात."

बाईंनी हात पुढे केला नाही, त्यांनीही नाही. निघताना पेकम दारात म्हणाले, "चिखलाचं मला कळलं. तो माणूस मी नव्हे."

"तू नव्हेस ते मला माहीत होतं. तू सहीशिवाय काही पाठवायचा नाहीस."

पेकमच्या तोंडातून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला.

जूनच्या बैठकीत मतदान झालं. दोन हात वर गेले. विरुद्ध एक. पेकमांचे दोन्ही हात टेबलावर होते.

नगराध्यक्षांनी विचारलं, "डॉरन्स?"

"मी हात वर करू शकत नाही. माझी आई बघते आहे असं वाटतं मला."

"म्हणजे विरोध?"

"तेही नाही. लिहा, पेकमनं मत दिलं नाही." त्यांनी खिशातून रुमाल काढून नाक पुसलं. "आणि पुढचा विषय घ्या. गटाराचा आहे ना?"

दोन विरुद्ध एक मतांनी ठराव झाला.

कोरायचं काम मी मशीनवर केलं नाही. आजोबांच्या अक्षरांना मशीनचं अक्षर शेजार देणार नाही. त्यांच्या 'R'ला एक वळण आहे, ते छन्नीनंच येतं. मी चार दिवस टाकाऊ दगडावर हात बसवला आणि मग ते नाव कोरलं. नावाआधी 'कप्तान' घालू का, असं बाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "बाकीच्यांच्या पुढे काय आहे?" काही नव्हतं. मग नुसतं नाव घातलं. काम झाल्यावर नवं नाव फार पांढरं दिसायला लागलं. बाई म्हणाल्या, "दिसू दे. चारदोन हिवाळे गेले की मिसळेल."

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस नव्हता. नव्या चौथऱ्यासमोर दीडएकशे माणसं जमली. दोन घरांतली मुद्दाम आली नाहीत, ते सगळ्यांच्या ध्यानात आलं. पाद्रीबाबांची प्रार्थना झाली. नावं वाचायचं काम बावीस वर्षं पेकमांकडे होतं. त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. प्रत्येक नावानंतर थोडं थांबत होते. आयडा आणि लुएलाच्या वेळी त्यांचा आवाज खाली गेला, तसा तो दरवर्षी जायचा.

सतरा झाली. पेकम थांबले. कागदावर अठरा होती, मी स्वतः पाहिलं होतं. ते खाली उतरले, पहिल्या रांगेत बसलेल्या बाईंपाशी गेले आणि कागद त्यांच्यापुढे धरला.

"हे तुमचं आहे," ते म्हणाले.

बाईंनी कागद घेतला नाही. काठी खुर्चीला टेकवून त्या उठल्या, आणि वर्गात हजेरी घ्यायच्या त्याच आवाजात, शेवटच्या बाकावर पोचेल असं म्हणाल्या, "ऑरिन किटरेज."

पाद्रीबाबांनी घंटा वाजवली. अठरा टोले. मी मोजले.

बाई फेब्रुवारीत गेल्या. झोपेत गेल्या, त्रास झाला नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं. पती आधीच गेलेले.

पुढच्या ऑक्टोबरात आम्ही तीसएक जण जमलो. पंच्याहत्तरावं वर्ष काही रोज येत नाही. पेकमनी सतरा नावं वाचली आणि कागद हातात धरून उभे राहिले. इकडे तिकडे बघितलं. कुणी पुढे होईना. मग मीच दोन पावलं पुढे गेलो आणि नाव घेतलं. मला लोकांसमोर बोलायची सवय नाही. आवाज मागच्या लोकांपर्यंत पोचला नाही.

मागून ओस्टरांची म्हातारी ओरडली, "काय म्हणाला तो? ऐकू नाही आलं!"

पेकम वैतागून तिच्याकडे वळले.

"किटरेज म्हणाला," त्यांनी ठणकावून सांगितलं. "ऑरिन किटरेज."

आणि मग, आपण काय बोललो ते लक्षात आल्यासारखे, क्षणभर तसेच उभे राहिले. नदीवरून मालाचे पडाव खाली चालले होते. पेकमनी कागदाची घडी केली, कोटाच्या खिशात घातली आणि पाद्रीबाबांना म्हणाले, "वाजवा घंटा. थंडी पडलीय."