मऊ बोलणं

नर्स दोरिका शावाने पट्टीचा शेवटचा पदर सोडवला आणि वास वर येण्याआधी तोंड किंचित बाजूला केले. काल घोट्याखाली थांबलेला काळेपणा आज घोटा ओलांडून वर आला होता. तिने मेणकापड सरकवून पायाखाली घेतले.

"काय गं उंदीरखाऊ," उशीवरून म्हातारा कासोंदे म्हणाला, "वास आला की तोंडाला पाणी सुटतं ना? माहेरची बिळं आठवतात?"

आजूबाजूच्या खाटांवरची माणसे हसायच्या तयारीने वळली. पुरुषांच्या वॉर्डातली सकाळ हल्ली अशीच उजाडत होती. दोरिका एन्गोनी जमातीची, म्हातारा बेम्बा जमातीचा. पणज्यांनी एकमेकांना भाल्यांनी भोसकले होते. त्याची फेड पणतवंडे थट्टेने करत होती. एन्गोनीने बेम्बाला माकडखाऊ म्हणायचे, बेम्बाने एन्गोनीला उंदीरखाऊ, आणि राग कुणी धरायचा नाही. मयताच्या घरीसुद्धा ही थट्टा थांबत नसे. उलट खड्डा खणायला आणि रडणाऱ्यांना हसवायला समोरच्या जमातीची माणसेच पुढे असत.

काल तिने भर वॉर्डात विचारले होते, "म्हाताऱ्या, रानातली माकडं संपली म्हणून स्वतःचाच पाय मुरत घातलायस का?" शेजारच्या खाटेवरचा माणूस टाके दुखेपर्यंत हसला होता. कासोंदेही हसला होता. पण पाय कापू द्यायला तो तयार नव्हता. दोन पायांनी खाणीत उतरलो, दोन पायांनीच मातीत जाईन, असे त्याने डॉक्टरांना सांगितले होते. बायको पाया पडली, तिलाही तेच. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर प्रांताच्या मुख्य गावाहून फक्त गुरुवारी येत. आज गुरुवार होता.

दोरिका रात्रीची पाळी संपवून घरी गेलेली नव्हती. सकाळी येणारी नर्स आलीच नाही. तिच्या मुलाला ताप होता. बुटात दोरिकाच्या टाचा सुजल्या होत्या. म्हाताऱ्याला उत्तर द्यायला तिने तोंड उघडले. काहीच आले नाही.

"आजोबा," ती म्हणाली, "पाय जरा वर धरता का? दुखलं तर सांगा हं."

कुणी हसले नाही. खाटेशेजारी चटईवर बसून पातेले पुसणाऱ्या त्याच्या बायकोचा हात थांबला. सगळा वॉर्ड तिला म्वाबाची आई म्हणत असे.

"काय म्हणालीस?" म्हाताऱ्याने विचारले.

"पाय वर धरा म्हटलं."

त्याने पाय वर धरला. ती जखम धूत असताना तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, पायाकडे नाही.

"कोपऱ्यात तो कोळशेवाला होता ना," तो हळू म्हणाला, "त्याच्याशी तू असंच मऊ बोलायचीस. सोमवारी त्याला चादरीत गुंडाळून नेलं."

आता दोरिकाचा हात थांबला. काय झाले ते तिच्या लक्षात आले. त्याची भीती घालवायला एक टोमणा पुरला असता. तुला न्यायला मृत्यू येईल कशाला, तुझ्या वासाने तोच मरेल, इतके म्हटले असते तरी म्हातारा खदखदून हसला असता, वॉर्ड हसला असता. मग डॉक्टर आले असते आणि आल्या पावली परत गेले असते. पुढच्या गुरुवारपर्यंत काळेपणा कुठे पोचेल ते तिला माहीत होते. त्यापुढे कापण्यासारखे काही उरत नाही.

"खरं सांग," कासोंदे म्हणाला. "माझं संपलं का?"

टोमणा जिभेवर आलेला होता. तिने तो गिळला.

"डॉक्टर आज आहेत, आजोबा. उद्या नसतील."

म्वाबाची आई फोन पदराखाली धरून व्हरांड्यात निघून गेली. म्हाताऱ्याने पांघरूण बाजूला करून दोन्ही पाय नीट पाहून घेतले, डावा आणि उजवा.

"उठव मला," तो दोरिकाला म्हणाला. "सही कुठे करायची ते दाखव."

त्या दुपारी घरी गेल्यावर दोरिका बूट न काढताच झोपली. शुक्रवारी सुट्टी होती. तोही दिवस झोपेत गेला.

शनिवारी सकाळी ती आली तेव्हा फाटकाशी कोळशाचा ट्रक उभा होता. माणसे मोठमोठी पातेली, मक्याच्या पिठाचे पोते, चटया आणि सरपणाचे भारे उतरवत होती. एक बाई डोक्यावर हात ठेवून मोठ्याने रडत होती आणि पहारेकरी तिला आधी आत जाऊन बघा तरी, असे सांगत होता. कुणीतरी गेले असावे, एवढेच दोरिकाच्या मनात आले. इथे कुणीतरी जातच असे.

वॉर्डात पाहते तर ती सगळी मंडळी कासोंदेच्या खाटेभोवती उभी. म्हातारा उशांना टेकून चमच्याने पेज खात होता. उजव्या गुडघ्याखाली चादर सपाट होती. मयताला आलेल्या माणसांना आपल्या चेहऱ्यांचे काय करावे ते कळत नव्हते.

"सरपण परत नेणार की मला इथंच शेकणार?" म्हातारा भावाला विचारत होता.

भावाचे नाव चोला, तो चर्चचा कारभारी होता. अंगात काळा कोट, पायांना ट्रकमधल्या कोळशाची पूड. तो हसला नाही.

"तिकडे पोरांनी खड्डा खणायला घेतलाय," तो म्हणाला. "कासोंदे जातोय, असा निरोप धाडला कुणी?"

"मी," म्वाबाची आई म्हणाली. "सिस्टर यांच्याशी मऊ बोलल्या. मला आणखी काय कळायचं राहिलं होतं?"

सगळे दोरिकाकडे वळले.

"तुम्ही एन्गोनी ना?" चोलाने विचारले. "मग माझ्या भावाशी इतक्या आदरानं का बोललात? त्यानं तुमचं काय वाईट केलं होतं?"

शेजारच्या खाटेवरच्या माणसाने तोंडावर पांघरूण घेतले. दोरिकाने हातातला औषधांचा ट्रे खाटेच्या कडेवर ठेवला.

"दमले होते," ती म्हणाली. "रात्रीची पाळी करून दिवसाची करत होते. थट्टा सुचेना."

"आणि नंतर?" म्हाताऱ्याने विचारले. त्याचा चमचा वाडग्यावर थांबला होता. "मी विचारलं, माझं संपलं का. तेव्हा?"

"तेव्हा सुचली होती."

"मग?"

"मुद्दाम बोलले नाही."

चोलाने भावाकडे पाहिले. रडणारी बाई आता दारात येऊन उभी राहिली होती. म्हाताऱ्याने मोकळ्या हाताने चादर सारखी केली. आधी डाव्या पायावरची, मग जिथे खाली काहीच नव्हते तिथलीही. तो हात तिथे बराच वेळ राहिला.

"म्वाबाच्या आई," शेवटी तो म्हणाला, "त्या स्टुलावरचं पातेलं काढ."

तिने पातेले काढले.

"बस, उंदीरखाऊ. तुम्ही लोक उभ्यानं झोपता ते ठाऊक होतं मला. उभ्यानं झोपून माणसाचा पाय काढून नेता, ते नव्हतं ठाऊक."

नातेवाइकांच्या स्टुलावर नर्सने बसायचे नसते. दोरिका बसली. वॉर्ड तिच्या उत्तराची वाट पाहत होता. ती डोळे चोळत काहीतरी शोधत राहिली, आणि म्हाताऱ्याने चमचा वाडग्यात ठेवून दिला.

"सावकाश," तो म्हणाला. "मी कुठं चालत जाणारेय?"