सावलीची छाटणी

शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहून त्याने वाळकी फांदी कोयत्याने तोडली. ती खाली पडल्यावर शिडी धरून उभ्या असलेल्या सासऱ्यांनी विचारलं,

"जावईबापू, ती बांडगुळंही काढायची ना?"

कोयता त्याच्या हातात तसाच राहिला. सासरे बोट दाखवत होते ते जाड फांदीच्या बेचक्यातल्या ऑर्किडकडे. भोवती शेवाळाची ओली गादी, तिच्यातून डोकावणारे नेचे. खाली, त्याच झाडाच्या सावलीत, कॉफीची झुडपं दाटीने वाढली होती.

काल कॉफी वाळवायच्या अंगणात शेजारच्या मळ्याचा मालक आला होता. "सासरे अजून तुमच्याकडेच?" त्याने सहज विचारलं, आणि हाही हसून बोलून गेला, "बांडगूळ एकदा चिकटलं की सुटतं का?" शेजारी खदखदून हसला. मग दोघांनी वळून पाहिलं, तर सासरे पलीकडे गुडघ्यांवर बसून वाळत घातलेली फळं हाताने पसरत होते. त्यांनी मान वर केली नाही. ऐकलं नसेल, अशी तो तेव्हापासून स्वतःची समजूत घालत होता.

"ती बांडगुळं नाहीत," तो वरूनच म्हणाला.

"दिसतात तर तशीच."

"बांडगुळाची मुळं लाकडात शिरतात, झाडाचा रस पितात. ही नुसती सालीला धरून असतात. पाऊस, धुकं, कुजलेला पाला, त्यावरच जगतात. झाडाचं..." त्याचा आवाज उतरला. "झाडाचं काही घेत नाहीत."

"हो का," सासरे म्हणाले. "मला आपलं वाटलं, झाडाला ओझं होत असेल."

त्याचे कान तापले. उतरताना त्याचा पाय चुकला, तेव्हा सासऱ्यांनी पोटरीला हात देऊन तो पायरीवर नीट टेकवला.

"मी उद्या थोरलीकडे जातोय," ते म्हणाले. "डोळे दाखवायचेत, असं इथे पोरीला सांगितलंय. तुम्हीही तेच सांगा. उगाच तिच्या मनात काही यायला नको."

त्याने तोंड उघडलं, पण ते तोडलेली फांदी ओढत पुढच्या झाडाकडे निघालेही होते.

संध्याकाळी बायकोने त्याला दारातच गाठलं.

"बाबांचं हे काय अचानक? डोळे काय इथे तपासता येत नाहीत? तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचा शब्द ते मोडत नाहीत."

सासऱ्यांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत बॅगेची चेन ओढल्याचा आवाज झाला, मध्येच अडकला. तो दारापाशी गेला, त्यावर हात ठेवला आणि थबकला. पदराला हात पुसत बायकोही मागोमाग आली होती, ऐकायला.

"तू जरा कॉफी ठेव," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "तिघांना."

"आता राहतात की नाही बघा," ती हळूच म्हणाली आणि खुशीत स्वयंपाकघरात गेली.

ओट्यावर भांडं ठेवल्याचा आवाज येईपर्यंत तो तसाच उभा राहिला. मग त्याने दार ढकललं.