पडावाची मोजणी

“एक बी नाई?” रस्त्यापलीकडून पानठेलेवाल्या जागेश्वरने विचारलं.

“एक बी नाई,” दुधराम म्हणाला.

“मंग कायले बसून राहिले तुमी? घरी जा ना. पोळा होय आज.”

“हुकूम होय.”

जागेश्वर हसला आणि पानं पुसायला लागला. खरं तर त्यालाही आज गिऱ्हाईक नव्हतं. सगळा रस्ताच रिकामा होता. कामठ्याकडून शहरात येणारा हा रस्ता एरवी सकाळी सातलाच बैलांच्या घुंगरांनी आणि गाडीवानांच्या शिव्यांनी भरून जायचा. आज त्यावर एक कुत्रं मधोमध आडवं पडलं होतं, आणि त्याला कोणी उठवत नव्हतं.

दुधराम फुंडे हा कमिटीचा नाकेदार. नगरपालिकेला गावात सगळे कमिटीच म्हणत. सव्वीस वर्षं तो याच जकात नाक्यावरच्या याच लाकडी खुर्चीत बसत आला होता. पाठीला आता खुर्चीचा आकार आलाय, असं त्याची बायको सुलोचनाबाई म्हणायची. तीन वर्षांनी पेन्शन होती. तोवर कोणाच्या अध्यात ना मध्यात, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा उरली होती. पण आज त्याच्या मांडीवर पावतीपुस्तकाऐवजी नागपूरहून आलेला छापील तक्ता होता. आज आणि उद्या, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, रस्त्यावरून जाणारं प्रत्येक वाहन मोजायचं. मोटार, ट्रक, सायकल, बैलबंडी, असे रकाने आणि शेवटी बोटभर रुंदीचा ‘शेरा’.

या दोन तारखा ज्याने कोणी ठरवल्या, त्याच्या कॅलेंडरात रविवारच तेवढे लाल असावेत. पोळ्याला या मुलखात कोणी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या पाडव्यालाही नाही. दुधरामने हे ओव्हरसियर तिवारीजींना चार दिवस आधी सांगितलं होतं.

“फुंडेजी, तारीख नागपुर से आई है,” तिवारीजी म्हणाले होते. “तीस को रिपोर्ट जाना है. हम-तुम कौन होते हैं बदलनेवाले?”

माणूस वाईट नव्हता. त्याच्या डोक्यावर गटारं होती, कंदील होते, पाण्याची टाकी होती, आणि त्यात ही नगररचना येऊन पडली होती.

नगररचना हवीच होती, हे दुधरामही नाकारत नव्हता. गावात राइस मिल वाढल्या, ट्रक वाढले, सायकलरिक्षा आल्या. रेल्वेचं फाटक पडलं की तासतास कोंडी. एकदा तर बाळंतपणाला निघालेली बाई त्या कोंडीत अडकली आणि रिक्षातच बाळंत झाली. तेव्हा रस्ता रुंद करायचा हे ठरलं. पहिल्या नकाशात बाजाराच्या बाजूची दुकानं जात होती. दुकानदार वकील घेऊन सुनावणीला गेले, आणि नकाशातली रेघ मुकाट्याने दुसऱ्या बाजूला सरकली. त्या बाजूला पडाव होता.

पडाव म्हणजे नाक्यामागचं तीन एकराचं मैदान. चार चिंचा, एक दगडी हौद. कामठा, रावणवाडी, बिरसी, कुठून कुठून धानाच्या बंड्या मिलवर यायच्या, त्या इथे सुटायच्या. बैल हौदावर पाणी प्यायचे, माणसं तीन दगड मांडून भात शिजवायची आणि मिलवर नंबर लागेपर्यंत बंडीखाली अंग टाकायची. नव्या नकाशात तिथे मोटारस्टँड होता.

या नव्या नकाशाच्या सुनावणीला बिरसीहून बकारामही आला होता. बकाराम म्हणजे सुलोचनाबाईचा धाकटा भाऊ. सोबत पाच-सहा गाडीवान, सगळ्यांच्या डोक्याला धुतलेली फडकी. दुधराम दाराशी उभा होता. नागपूरचा साहेब तरुण होता, चष्म्याआडून थकलेला.

“तुम्ही शहरात राहता का?” साहेबाने विचारलं.

“नाई जी. बिरसीचा होय मी.”

“मग तुमची हरकत घेता येत नाही. हरकत रहिवाशांची असते.”

बकारामने जरा विचार केला. “आमी नाई राहत जी, पन आमचे बैल राहतेत. वरसातले दोन मयने पडावावरच राहतेत ते.”

दुकानदार खो खो हसले. साहेब मात्र हसला नाही. त्याने टाक खाली ठेवला आणि म्हणाला, “ठीक आहे. आपण मोजणी करू. दिवसाला पन्नास बंड्या येत असतील, तर पडाव नकाशात राहील. मी तसं लिहून ठेवतो.” आणि त्याने खरंच लिहिलं.

बाहेर आल्यावर बकारामने दुधरामचा दंडच धरला. “पन्नास म्हनते, भाऊजी! पन्नास त सकारच्या चायपर्यंत होतेत.” त्याला इतका आनंद झाला होता की बहिणीसाठी त्याने जाताना शेरभर जिलबी घेतली.

त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, मोजणी कधी आहे ते.

सुलोचनाबाईने पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारीच नवऱ्याला टोकलं होतं. “बकारामले सांगून या ना. घेऊन येईन तो पन्नास बंड्या. दोन दिवसाचा त काम.”

“पोळ्याले?”

“देव काई खाऊन नाई टाकत. पडाव गेला त बैल कुटी बांधतीन?”

तिचं म्हणणं बिनतोड होतं. दुधरामने सायकल काढली. नाका ओलांडून तो मैलभर गेलाही. तिथे रस्त्याकाठच्या एका अंगणात कोणी म्हातारा बैलाचे खांदे शेकत होता. तूप-हळदीचा हात वर्षभराच्या घट्ट्यांवरून हळूहळू फिरत होता, आणि म्हातारा बैलाच्या कानाशी वाकून त्याला उद्याच्या जेवणाचं आवतन देत होता. बैल डोळे मिटून उभा होता. दुधराम सायकलवरून उतरला. पाच मिनिटं तसाच उभा राहिला. मग त्याने सायकल वळवली. आवतन दिलेल्या बैलाला जुंपायला सांगायचं, ते कोणत्या तोंडाने? त्याला ते जमण्यासारखं नव्हतं.

“भेटला का?” बायकोने विचारलं.

“नाई,” तो म्हणाला. एवढ्या संसारात त्याने तिच्याशी फारसं खोटं बोललेलं नव्हतं.

आणि आता तो रिकाम्या रस्त्याकडे बघत बसला होता. दुपारपर्यंत तीन ट्रक, अकरा सायकली, एक मोटार. गावातून ढोलाचा आवाज येत होता. रंगवलेल्या शिंगांचे बैल तिथे तोरणाखाली उभे असतील, आज त्यांचा मान होता. नेमक्या त्याच मानापायी ते इथल्या रकान्यात नव्हते.

“लिवा ना साठ,” जागेश्वर पान घेऊन आला होता. “कोन पाहून राहिला? मी बी सही देतो पाहिजे त.”

दुधरामने पेन्सिल उचलली. साठ. दोनच आकडे. पण सव्वीस वर्षांत त्याने न पाहिलेलं पोतं कधी लिहिलं नव्हतं, आणि पाहिलेलं कधी गाळलं नव्हतं. हा काही मोठा सद्गुण होता असं त्यालाही वाटत नसे. हाताला वळणच पडलं होतं तसं. पेन्सिल कागदावर टेकली आणि थांबली. संध्याकाळी सहा वाजता त्याने बैलबंडीच्या रकान्यात शून्य काढलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक.

मग तो शेरा लिहायला बसला. ‘पोळ्यानिमित्त बैल जुंपलेले नाहीत. एरवी रोज सत्तर-ऐंशी बंड्या येतात, हंगामात तीनशेपर्यंत. कृपा करून पुन्हा मोजावे ही विनंती.’ बोटभर रकान्यात ते मावेना. तेव्हा त्याने अक्षर बारीक केलं, समासातून वर नेलं, मग कागद उलटून मागे पुरं केलं. खाली सही केली. सगळं वाचून पाहिलं आणि त्याला बरं वाटलं. खोटंही लिहिलं नव्हतं आणि खरंही राहून गेलं नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर नकाशा मंजूर होऊन आला. तिवारीजींनी टाइप केलेला कागद त्याच्यापुढे सरकवला. मोटार, ट्रक, सायकल यांच्यापुढे आकडे होते. बैलबंडी, निरंक.

“मेरा शेरा?” दुधरामने विचारलं.

“टाइप में शेरे का खाना नहीं था, फुंडेजी.”

“पीछे बी लिखा था.”

“पीछे कौन देखता है?” तिवारीजी हळू आवाजात म्हणाले. “और वो साहब भी गए. बदली हो गई.”

दुधरामने अर्ज केला. मग दुसरा केला. उत्तर आलं नाही. भाऊबीजेला सुलोचनाबाई एकटीच बिरसीला गेली. नंतर तिथल्या मंडईच्या जत्रेचं बोलावणं आलं तेव्हा दुधरामने पाठ दुखत असल्याचं कारण सांगितलं. पाठ दुखतच होती, पण आजवर त्या दुखण्याने त्याला कुठे जाण्यापासून अडवलं नव्हतं. मेव्हण्याला तोंड दाखवायची त्याला लाज वाटत होती.

पण धान कोणासाठी थांबत नाही. पौषात बंड्या आल्या. पडावाला तारेचं कुंपण होतं, आत गिट्टीचे ढीग होते. हौद फोडून त्याचे दगड नव्या भिंतीच्या पायात घातले होते. चिंचांपैकी एक उरली होती. बंड्या मग रस्त्यावरच उभ्या राहू लागल्या, नाक्यापासून पार फाटकापर्यंत. रुंद केलेला रस्ता पहिल्यापेक्षा अरुंद झाला. ट्रकवाले भोंगे वाजवायचे, शिपाई काठीने चाकं ठोकत “चलाओ, चलाओ” ओरडायचा, आणि बैल जुंपल्या मानेने तासन्‌तास उभे असायचे. दुकानदार आपल्या पायरीवरून बघत होते. तेही आता वैतागले होते, पण आता ते कोणाला सांगणार?

चौथ्या दिवशी ऐन दुपारी नाक्यासमोर एक बंडी थांबली. दुधरामने बैल आधी ओळखले, मग माणूस.

“बहीन बरी हाय ना, भाऊजी?” बकारामने विचारलं.

“बरी हाय.”

मागून ट्रकचा भोंगा वाजत होता. पण पुढे जायला जागाच नव्हती.

“किती लिवले होते?” बकाराम रस्त्याकडे बघत म्हणाला.

“शून्य.”

बकारामने मान हलवली. “खरा होय. एक बी नोहती त्या दिवशी.”

ते ऐकून दुधरामला राहवलं नाही. चार महिने पोटात ठेवलेलं बाहेर पडलं. “आदल्या दिवशी मी निंगलो होतो. सायकलीनं. तुले सांगाले, का बंड्या घेऊन ये. मैलभर आलो होतो. परत फिरलो मंग.”

बकाराम डाव्या बैलाशी गेला. जुवाखाली खांद्याचे केस गेले होते, कातडं लाल दिसत होतं. त्यावर त्याने तळहात ठेवला.

“बरा केला,” तो म्हणाला. “सांगतला असता त आलो असतो मी. साऱ्याईले जुंपून आनलो असतो.”

शिपाई काठी आपटत जवळ येत होता. दुधराम उठला. नाक्यात प्यायच्या पाण्याचा माठ होता. तो त्याने उचलून सगळाच्या सगळा बादलीत रिकामा केला, आणि बादली घेऊन रस्त्यावर आला. खुर्ची सोडून नाकेदार असा बाहेर आलेला पाहून शिपाईही थांबला.

बादलीत दोन तोंडं एकदम मावेनात. दुधरामने ती दोन्ही हातांनी धरली, आधी डाव्याला पाजलं आणि मग उजव्याला.