शनिवारचा होल्डर

तिसऱ्या ठोक्यालाही होल्डर सुटला नाही, तेव्हा दिलीपशेठनी घड्याळ पाहिलं.

"दहा मिनिटं झाली, आप्पा."

"म्हाईत शे माले," भटूआप्पा म्हणाले आणि त्यांनी पितळी हातोडी खाली ठेवली.

पर्वत पाटियाजवळच्या आमच्या कारखान्यात लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे, पार्ट बनतात. कारखाना म्हणायचं आपलं, सहा मशीनं आणि एक मोडका पंखा. त्यातल्या लोखंड तासायच्या छोट्या मिलिंग मशीनवर आप्पांनी सव्वीस वर्षं काढली. चार महिन्यांपूर्वी त्यांना लकवा झाला. बोलणं सावरलं, पाय बराचसा सावरला, उजवा हात मात्र अर्धाच परत आला. त्या चार महिन्यांत मशीन माझ्याकडे होतं. मी योगिता, आयटीआय पास, त्याआधी आठ वर्षं ड्रिलवर. आज सोमवारी आप्पा कामावर हजर झाले आणि शेठनी सरळ सांगून टाकलं, अर्ध्या तासात एकट्यानं टूल बदलून पहिला जॉब, म्हणजे पार्ट, काढून दाखवा. जमलं तर मशीन तुमचं, नाही तर तुम्ही पॅकिंगला बसा आणि मशीन योगिताचं.

खरं सांगते, मला ते मशीन हवं होतं. दिवसभर भोकं पाडून पाडून जीव विटतो माणसाचा. मिलिंग मला आप्पांनीच शिकवलं, हेही तितकंच खरं. दोन्ही खरं असलं की माणसानं उभं कुठं राहायचं? मी आपली ड्रिलपाशी उभी राहिले.

टूल बदलणं ऐकायला सोपं आहे. कटर एका निमुळत्या होल्डरमध्ये बसतो, तो होल्डर स्पिंडलच्या, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याच्या, तशाच निमुळत्या भोकात, आणि मशीनच्या डोक्यावरून खाली येणारा एक लांब बोल्ट त्याला वर ओढून धरतो. काढताना हा बोल्ट दोनच आटे सैल करायचा. पूर्ण सोडला तर ठोका शेवटच्या आट्यावर बसतो आणि आटे जातात. मग बोल्टच्या डोक्यावर बेताचा एक ठोका. 'टक्' झालं की होल्डर सुटला. यात एक हात ब्रेकवर लागतो, एक पान्यावर, आणि शेवटी होल्डर खाली पडू नये म्हणून एक त्याच्याखाली. देवानं माणसाला दोनच दिलेत, आणि आप्पांकडे तर दीडच होता.

पण त्यांनी जमवलं होतं. ब्रेक उजव्या कोपरानं दाबला, पाना डाव्या हातानं फिरवला. टेबलावर लाकडी फळी ठेवली आणि हँडल फिरवून टेबल इतकं वर घेतलं, की होल्डर पडलाच तर बोटभर पडेल. सव्वीस वर्षं होल्डर तळहातावर झेलणारा माणूस फळी लावत होता. मला बघवेना.

एवढं करूनही होल्डर जागचा हलला नाही.

"जोरात हाणा की," शेठ म्हणाले.

"बेअरिंग मरी जाई." आप्पांनी होल्डर डाव्या हातानं चाचपला. "कोनी तरी गरम मशीनमा गार होल्डर कसी दिधा. मशीन थंडं व्हयनं नि त्यानी धरी लिधा."

कोणी तरी म्हणजे मी. शनिवारी संध्याकाळी, दिवसभर तापलेल्या मशीनमध्ये मी दुसरा होल्डर लावला, बोल्ट करकचून आवळला आणि कोसाडची बस पकडायला पळाले. ते मुद्दाम केलं नव्हतं. पण आज आप्पांना झुंजताना बघूनही तोंड उघडलं नव्हतं, ते मुद्दामच.

आप्पांनी बोल्ट पुन्हा आवळला आणि मशीन रिकामंच चालू केलं.

"ईस मिनिट फिरू दे. स्पिंडल तपाले पाह्यजे."

"वीस? आप्पा, तुमचा वेळ संपेल," शेठ म्हणाले.

"संपू दे."

ते स्टुलावर बसले नाहीत. पाय सावरत मशीनपाशी उभे राहिले. मधेच जाऊन एक फडकं माठाच्या गार पाण्यात भिजवून आणलं, बस. अर्धा तास भरला तसा शेठनी पॅकिंगच्या टेबलाकडे हात केला.

"चला आप्पा. मी संधी दिली होती."

"शेठ," मी म्हटलं. मी ड्रिलपासून पुढं आले. "होल्डर मी अडकवलाय. शनिवारी. त्यांचा वेळ माझ्यामुळं गेला."

"मग आधीच का नाही बोललीस?"

"मशीन पाहिजे होतं म्हणून."

आप्पा वळलेसुद्धा नाहीत. "माले म्हाईत व्हतं. तू बोल्ट आवळत नही, गळा दाबस त्याना." मग म्हणाले, "गरम मशीननी गोट मीच सांगी नही तुले."

शेठ हसले नाहीत, पण "करा पुरं" म्हणून खुर्चीत बसले.

आप्पांनी मशीन बंद केलं. होल्डर गार होऊन आकसावा म्हणून ओलं फडकं त्याच्या बाहेर राहिलेल्या भागाला गुंडाळून थोडा वेळ धरलं. बोल्ट दोन आटे सैल केला. एक ठोका, टक्. उरलेले आटे सोडले आणि होल्डर अलगद फळीवर टेकला. मी आनंदानं ओरडायचीच राहिले. स्वतःचं मशीन जाताना बघून कोणी ओरडतं का?

आता दुसरा होल्डर. स्पिंडलचं भोक फडक्यानं पुसून झाल्यावर आप्पांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि उजव्या हाताचं पहिलं बोट आत फिरवलं. आत केसाएवढा कीस राहिला तरी कटर डुगडुगतो. फडक्यावर विश्वास ठेवू नको, बोटानं बघ, असं ते मला नेहमी सांगत.

"साफ शे," म्हणत त्यांनी बोट बाहेर काढलं.

फळीवर रक्ताचा थेंब पडला. आप्पांनी आधी थेंब पाहिला, मग बोट पाहिलं, शेजाऱ्याचं असावं तसं. मग डाव्या हाताचं बोट आत घातलं आणि लोखंडाचा बारीक, वळलेला कीस काढून फळीवर ठेवला.

शेठ उठले. "आप्पा, राहू द्या."

"पाच मिनिट."

रक्त पँटला पुसून त्यांनी नवा होल्डर फळीवर उभा केला, टेबल वर घेत घेत तो भोकात बसवला, बोल्ट आवळला आणि जॉब काढला. शेठनी माप घेतलं, उलटसुलट करून पुन्हा घेतलं.

"मशीन तुमचं," ते म्हणाले आणि ऑफिसात गेले.

मी धुतलेली पट्टी आणून आप्पांचं बोट बांधायला घेतलं. चांगलंच खोल कापलं होतं.

"दुखतं का, आप्पा?"

"दुखाले पाह्यजे व्हतं, पोरी."

मी गाठ मारली. त्यांनी तो हात पोटाशी धरला आणि डाव्या हातानं दुसरा जॉब बांधायला घेतला.